पाटीवरचे ‘इंटरनॅशनल’ आले कुठून?

पुण्या-नाशकाच्या कडेने नव्या वसाहती उभ्या राहिल्या की पाठोपाठ शाळेची पाटी लागते आणि तिच्यावर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द हमखास असतो. बरेचदा त्याचा अर्थ वातानुकूलित वर्ग आणि चढी फी यापलीकडे जात नाही. पण याच शाळांच्या माहितीपत्रकांत येणारे ‘जागतिक नागरिक’, ‘सेवा’, ‘बहुसांस्कृतिक वातावरण’ हे शब्द कुणा जाहिरातवाल्याला सुचलेले नाहीत. त्यांची वंशावळ काढता येते, आणि ती सुरू होते एका अगदी घरगुती अडचणीपासून.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचे (लीग ऑफ नेशन्सचे) आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे मुख्यालय जिनिव्हात आले. देशोदेशीचे अधिकारी बायकामुलांसह तिथे राहायला गेले. आता पोरांना घालायचे कुठे? आज जिनिव्हा, उद्या आणखी कुठे बदली. यातून १९२४ साली ‘एकोल आंतरनासिओनाल’, म्हणजेच नावाप्रमाणे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. सोबतीला आदोल्फ फेरिएर यांच्यासारखे नव्या शिक्षणाचे प्रयोग करणारे स्विस विचारवंत होते. म्हणजे पालकांची सोय आणि शांततेचे स्वप्न ही जोडी पहिल्या दिवसापासूनची, आणि या दोघांतली ओढाताणही तेव्हापासूनचीच. १९२६ मध्ये कमला नेहरूंच्या उपचारांसाठी नेहरू कुटुंब जिनिव्हात होते, तेव्हा छोटी इंदिरा याच शाळेत जात असे. पुढे ती पुण्यात वकील आडनावाच्या दांपत्याच्या ‘प्यूपिल्स ओन स्कूल’मध्येही शिकली, पण ती गोष्ट वेगळी.

या शाळेला खरा आकार दिला तो मारी-तेरेझ मोरेत या संचालिकेने. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिक्षण, भूगोलाची सुरुवात आपल्या देशाच्या नकाशाऐवजी सगळ्या जगापासून, आणि इतिहास शिकवताना निरनिराळ्या लोकांचे काळ शेजारी शेजारी मांडायचे, अशी तिची पद्धत. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, शांततेसाठी शिकवण्याची काही रीत आहे का, या प्रश्नावर तिने युनेस्कोसाठी एक टिपण लिहिले. तेव्हा तिच्या गाठीशी वर्गातला जवळजवळ वीस वर्षांचा अनुभव होता.

एक पेच मात्र सुटत नव्हता. शेवटच्या दोन वर्षांत शाळेचे तुकडे पडत. फ्रेंच मुले आपल्या बाकालोरियाच्या तयारीला, इंग्रज ए-लेव्हलच्या, अमेरिकन त्यांच्या कॉलेज बोर्डाच्या. दहा वर्षे एका बाकावर बसलेली पोरे अखेर आपापल्या देशाच्या परीक्षेकडे पांगत. जिनिव्हातल्या शिक्षकांनी साठच्या दशकात सर्वांसाठी एकच परीक्षा आखायला घेतली आणि १९६८ साली ‘आयबी’ची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची, संस्था उभी राहिली. सहा विषय, ज्ञान म्हणजे काय याची चिकित्सा करणारा ‘थिअरी ऑफ नॉलेज’, चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध, शिवाय कला, खेळ आणि सेवा यांना अनिवार्य वेळ, असा तिचा साचा पुढे स्थिरावला.

त्यातल्या सेवेचा एक धागा दुसऱ्या माणसाकडे जातो. कुर्ट हान हा बर्लिनचा ज्यू शिक्षक. १९२० मध्ये दक्षिण जर्मनीत त्याने झालेमची शाळा उभारली. १९३२ साली पोटेम्पा गावात नाझींनी एका कामगाराला त्याच्या आईदेखत ठार मारले आणि हिटलरने खुन्यांची पाठराखण केली. हानने माजी विद्यार्थ्यांना पत्र धाडले: झालेम किंवा हिटलर, दोहोंपैकी एकाशी नाते तोडा. पुढच्याच वर्षी त्याला अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधानांनी शब्द टाकला म्हणून तो सुटला, आणि ब्रिटनला जाऊन १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याने गॉर्डनस्टन शाळा काढली.

१९५५ साली पॅरिसमधल्या नाटोच्या संरक्षण महाविद्यालयात त्याने एक दृश्य पाहिले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी एका वर्गात बसून अभ्यास करत होते. सैनिकांना हे जमते, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का जमू नये? १९६२ मध्ये वेल्समधल्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले, सुरुवातीला फक्त मुलग्यांसाठी. समुद्रात अडकलेल्यांना वाचवणे हा तिथला रोजच्या कामाचाच भाग. त्यासाठी मुख्याध्यापक डेस्मंड होर आणि विद्यार्थ्यांनी रबरी फुग्यांच्या कडा आणि कडक तळ असलेली बोट बनवली. तिचे पेटंट ब्रिटिश जीवरक्षक संस्थेला एका पौंडात दिले गेले. आज जगभरच्या किनाऱ्यांवर बचावपथके वापरतात ती बोट याच जातीची. ‘सामाजिक उपक्रम’ म्हणून वर्षातून एकदा झाडू हातात घेऊन फोटो काढणाऱ्या शाळांनी हा मूळपुरुष जरा पाहावा.

बहुसांस्कृतिक या शब्दाची किंमत मोजली ती आफ्रिकेने. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र शिकायला मनाई होती, म्हणून मायकेल स्टर्न यांनी १९६३ मध्ये शेजारच्या स्वाझीलँडमध्ये वॉटरफर्ड शाळा उघडली. मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या मुली तिथे शिकत होत्या.

भारतात हे वारे मिशनऱ्यांच्या वाटेने आले. १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली कोडाईकनालची शाळा १९७६ मध्ये आयबी देणारी देशातली पहिली शाळा ठरली. महाराष्ट्रात हानच्या परंपरेतले कॉलेज, महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज, आले १९९७ मध्ये, पौडजवळच्या डोंगरावर, हरीश महिंद्र यांच्या पाठबळावर. वास्तुकार ख्रिस्तोफर बेनिंगर यांनी काळ्या दगडाच्या भिंती आणि उतरती छपरे वापरून ते गावासारखे बांधले. आत शिरायच्या दाराचे नाव महाद्वार. इथल्या मुलांची निवड देशोदेशीच्या समित्या करतात, आणि अनेकांचा खर्च शिष्यवृत्तीतून चालतो.

तरी अशा कॉलेजातली शेवटची दोन वर्षे किती जणांच्या वाट्याला येणार, हा प्रश्न उरतोच. आणि हा डोंगर आहे मुळशी तालुक्यातला. १९२१ मध्ये टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांसोबत मावळे सत्याग्रहाला बसले, तो याच खोऱ्यात. विस्थापन, विकास, पाण्याचा हक्क यांवर निबंध लिहायला बसलेल्या मुलाला उदाहरण शोधायला परदेशी जावे लागत नाही. डोंगर उतरून मुळशीच्या रस्त्याला लागले तरी पुरे.