सैन्य नेतृत्वातील वांशिक विविधता

देशात जे वंश, जमाती आणि भाषिक-धार्मिक समाज राहतात, त्यांतली माणसे सैन्याच्या अधिकारीवर्गात, आणि त्यातही जनरल, अ‍ॅडमिरल, एअर मार्शल अशा वरच्या हुद्द्यांवर असणे, म्हणजे सैन्य नेतृत्वातील वांशिक विविधता. सैन्यात सगळ्या समाजांचे शिपाई असणे ही वेगळी गोष्ट. साम्राज्यांना शिपाई अनेक वंशांचे चालत. हुकूम कोणी द्यायचा याबाबत मात्र ती फार काटेकोर असत.

ब्रिटिशांची हिंदुस्थानातली सेना याचे ठळक उदाहरण. १८५७ नंतर ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धांत, म्हणजे काही जमातीच जन्मजात लढवय्या असतात हा समज, रुजला. शीख, गुरखा, पठाण, पंजाबी मुसलमान यांची भरती वाढली. महारांची भरती १८९२ मध्ये बंद झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत चाकरी केलेल्या घरांना दार लागले. पसंतीच्या जमातींतल्या शिपायालाही सुभेदार-मेजरच्या पुढे सहसा वाट नव्हती. केस पिकलेला सुभेदार विलायतेहून नुकत्याच आलेल्या कोवळ्या लेफ्टनंटला सलाम करी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी तरुणांना राजाची सनद, म्हणजे गोऱ्यांसारखे पूर्ण अधिकारीपद, मिळू लागली; पुढे १९२३ मध्ये आठ पलटणी निवडून हिंदी अधिकारी तेवढ्यांतच नेमायचे ठरले. गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी माणसाच्या हाताखाली काम करावे लागू नये, ही त्यामागची खरी चिंता होती.

१९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० कॅडेट होते. त्यांतले तिघे पुढे तीन वेगळ्या देशांचे सेनाप्रमुख झाले, आणि तिघेही आपापल्या देशात अल्पसंख्य समाजाचे: भारताचे सॅम माणेकशॉ पारशी, पाकिस्तानचे मुहम्मद मूसा हजारा, आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन करेन. शिक्षण एकाच मैदानावर झाले, पण नशीब निरनिराळे निघाले. माणेकशॉ फील्ड मार्शल झाले. मूसा १९५८ ते १९६६ पर्यंत सरसेनापती राहिले. स्मिथ डन यांना मात्र १९४९ मध्ये करेन बंड पेटताच पदावरून दूर केले गेले. वरच्या खुर्चीवर एक माणूस बसला म्हणजे त्याच्या समाजावरचा संशय संपतो, असे होत नाही.

या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी विसरली जाणारी बाब म्हणजे काळ. कारखान्याचा व्यवस्थापक दुसऱ्या कारखान्यातून आणता येतो. ब्रिगेडियर बाहेरून आणता येत नाही. प्रत्येकाला लेफ्टनंटपासून एकेक पायरी चढावी लागते आणि जनरल होईपर्यंत सुमारे तीस वर्षे जातात. के. एम. करिअप्पा यांना सनद मिळाली १९१९ मध्ये. ते भारतीय सेनेचे पहिले हिंदी सरसेनापती झाले १९४९ मध्ये. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये कार्यकारी आदेश ९९८१ काढून सैन्यात वंशभेद न करता समान वागणुकीचे धोरण जाहीर केले. कृष्णवर्णीय कॉलिन पॉवेल १९५८ मध्ये अधिकारी झाले आणि १९८९ मध्ये संयुक्त सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे देशाचे सर्वोच्च सेनाधिकारी. आज दिसणारे सेनापती हे तीन दशकांपूर्वीच्या भरतीचे चित्र असते.

दुसरी चाळणी शाखेची. सर्वोच्च पदांवर बहुधा पायदळ, चिलखती दल, तोफखाना किंवा लढाऊ विमाने यांतून आलेले अधिकारी पोचतात. पुरवठा, वाहतूक, दुरुस्ती या शाखांत एखाद्या समाजाचे अधिकारी मोठ्या संख्येने असले तरी त्यांची शिडी मध्येच संपते. म्हणून अधिकाऱ्यांच्या एकूण आकड्यावर विसंबू नये; कोण कुठल्या शाखेत आहे ते पाहावे.

तिसरा अडथळा कागदावर येत नाही. कृष्णवर्णीय बेंजामिन ओ. डेव्हिस (धाकटे) १९३२ मध्ये वेस्ट पॉइंटला, अमेरिकेच्या लष्करी अकादमीत, दाखल झाले. चार वर्षे सोबतच्या कॅडेटांनी त्यांच्याशी कामापुरतेच बोलायचे असे ठरवून टाकले. खोलीत जोडीदार नाही, जेवताना कोणी बोलणार नाही. तरी २७६ जणांत ते ३५ वे आले. मग हवाई दलासाठी अर्ज केला, तर तिथे कृष्णवर्णीयांची तुकडीच नाही म्हणून नकार. दुसऱ्या महायुद्धात त्यांनीच टस्कीगीत तयार झालेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचे नेतृत्व केले, आणि १९५४ मध्ये ते अमेरिकन हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. चार वर्षांचा तो अबोला सोसून टिकणारी माणसे थोडीच. जी टिकली नाहीत त्यांच्यात किती सेनापती गमावले, हे कोणत्याच नोंदीत सापडणार नाही.

विविधतेमुळे गुणवत्ता घसरते, हा नेहमीचा आक्षेप. बढती कामगिरीवरच व्हावी हे अगदी रास्त आहे. पण ज्याला आठ पलटणींच्या बाहेर नेमणूकच मिळत नव्हती, त्याची गुणवत्ता कोणी मोजली होती? शिवाय प्रश्न शिस्तीचाही आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या शिपायांत कृष्णवर्णीय बरेच होते, तर अधिकारी जवळजवळ सगळे गोरे होते. १९७२ मध्ये ‘किटी हॉक’ या विमानवाहू नौकेवर वांशिक दंगल झाली. हा अनुभव निवृत्त सेनानींनी २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. हा वाद अजून मिटलेला नाही. २०२० मध्ये हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख आणि २०२३ मध्ये संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष झालेले चार्ल्स ब्राउन यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदतीआधीच पदावरून काढण्यात आले.

काही देशांनी ही बाब थेट नियमांत किंवा संकेतांत बांधली आहे. नायजेरियात १९६६ च्या दोन लष्करी उठावांत अधिकाऱ्यांनी वांशिक रेषांवर एकमेकांना ठार केले आणि १९६७ मध्ये यादवी सुरू झाली. तिथल्या १९९९ च्या संविधानानुसार अधिकारीवर्गात देशाचे संघीय स्वरूप उमटले पाहिजे. लेबननमध्ये सेनाप्रमुख मारोनी ख्रिस्ती असावा असा संकेत आहे. बुरुंडीत अल्पसंख्य तुत्सींच्या वर्चस्वाखालील सैन्याने १९७२ मध्ये बहुसंख्य हुतूंची कत्तल केली, १९९३ मध्ये लष्करातल्याच लोकांनी निवडून आलेल्या हुतू राष्ट्राध्यक्षाला मारले. यादवी मिटवण्यासाठी झालेल्या अरुशा करारानंतर (२०००) तिथे नियम झाला की सैन्यात कोणत्याही एका वंशगटाचे प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त नसावे. तुत्सी लोकसंख्येत सुमारे सातात एक. सैन्यात त्यांना निम्म्यापर्यंत जागा. हे प्रमाण शिरगणतीवरून काढलेले नाही. दोन्ही समाजांना एकमेकांच्या बंदुकीची धास्ती वाटू नये, यासाठी ते ठरवले आहे.