शवासन

शवासन : उताणे पडून, सर्व स्नायू जाणीवपूर्वक सैल सोडून आणि तरीही जागे राहून करावयाचे हठयोगातील आसन. यास मृतासन असेही म्हणतात. रोजच्या धावपळीतून येणारा ताण उतरवण्याच्या साध्या उपायांत याच्याइतका कमी खर्चाचा उपाय क्वचितच सापडेल. एक सतरंजी, दहा-पंधरा मिनिटे आणि दार लावून घेता येईल अशी खोली एवढे पुरते. मुंबई-ठाण्याच्या घरांत या तिन्हींपैकी खोली मिळणेच सर्वांत अवघड असते, हे खरे.

दिसायला हे आसन सर्वांत सोपे वाटते. योगवर्गात नव्याने आलेला माणूस त्याला तासाच्या शेवटी मिळणारी सुट्टीच समजतो. इतर आसनांत शरीराला काहीतरी कर म्हणून सांगायचे असते, येथे काही करू नकोस असे सांगायचे असते, आणि नेमके तेच जमत नाही. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनीही सोप्या दिसणाऱ्या या आसनाला आत्मसात करण्यास अत्यंत कठीण म्हटले आहे. म्हणून शवासन ही विश्रांती असली, तरी ती शिकावी लागते.

पूर्वपीठिका. प्रेताप्रमाणे जमिनीवर उताणे पडून राहण्याचा उल्लेख आसन म्हणून येण्याआधी लययोगातील, म्हणजे चित्त विरवून शांत करण्याच्या साधनेतील, एक युक्ती म्हणून येतो. साधारण तेराव्या शतकातील दत्तात्रेययोगशास्त्रात चित्ताचा लय साधण्याच्या उपायांत तो आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने हठप्रदीपिका या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात (प्रकरणात) त्याला आसनांच्या पंक्तीत बसवले आणि एका श्लोकात व्याख्या व फळ दोन्ही सांगून टाकले :

उत्तानं शववद्भूमौ शयनं तच्छवासनम् ।
शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम् ॥

थकवा घालवणारे आणि चित्ताला विसावा देणारे, एवढेच दोन गुण. हठयोगाचे ग्रंथ इतर आसनांच्या बाबतीत फळांची भली मोठी यादी देतात, कधी कधी विष पचवण्यापर्यंत मजल जाते. त्या मानाने शवासनाबद्दलचा हा दावा फारच संयमित आहे आणि कदाचित म्हणूनच तो टिकला. घेरण्डसंहिता या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथात ३२ आसनांमध्ये ते मृतासन या नावाने येते. हठप्रदीपिकेच्या श्लोकात ते सर्वांत शेवटी करावे असे कुठेही म्हटलेले नाही. वर्गाची सांगता शवासनाने करण्याची आजची रूढी आधुनिक योगशिक्षणातून पक्की झाली.

या आधुनिक शिक्षणाचा बराचसा भाग महाराष्ट्रात घडला. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली ‘द योग इन्स्टिट्यूट’ पुढे मुंबईत सांताक्रूझला स्थिरावली. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले. आसन करताना शरीरात काय घडते हे यंत्रांनी मोजून पाहायचे, ही त्यांची दृष्टी. पुण्यात अय्यंगारांची संस्था १९७५ मध्ये उभी राहिली. तेथे शवासनासाठी घड्या घातलेल्या घोंगड्या, लोड आणि डोळ्यांवरून बांधायची पट्टी अशी साधने वापरली जातात. पाठीला किंवा मानेला नीट आधार मिळाला नाही, तर स्नायू सैल सुटतच नाहीत हा त्यामागचा विचार आहे, आणि तो पटण्यासारखा आहे.

कृती. जमिनीवर जाडसर सतरंजी किंवा घोंगडी अंथरावी. मऊ गादीत कंबर खचते, शिवाय गादीवर झोपेची सवय जडलेली असते. उताणे पडून दोन्ही पायांत फूट-दीड फूट अंतर ठेवावे, टाचा आत आणि चवडे आपोआप बाहेर पडू द्यावेत. हात अंगापासून वीतभर दूर, तळवे वर, बोटे जशी वळतील तशी. ज्यांची हनुवटी वर जाते त्यांनी डोक्याखाली टॉवेलची घडी घ्यावी. ज्यांची कंबर दुखते त्यांनी गुडघ्यांखाली उशी ठेवावी. निश्चल पडून राहिल्यावर अंग गार पडू लागते, म्हणून पंखा मंद करावा किंवा अंगावर चादर घ्यावी.

नंतर लक्ष एकेका अवयवावर नेत तो सैल सोडायचा. बहुतेक शिक्षक पायाच्या बोटांपासून सुरुवात करतात : बोटे, घोटे, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, कंबर, पोट, छाती, हात, खांदे, मान, चेहरा. हा क्रम डोक्याकडून पायांकडे नेला तरी चालतो. क्रमापेक्षा महत्त्वाचे म्हणजे घाई न करणे. हात-पाय लवकर ऐकतात. हट्टी असतात ते खांदे, कपाळ, जबडा आणि जीभ. दातांवर दात दाबून धरण्याची सवय कित्येकांना इतकी मुरलेली असते की जबडा सैल सोडा म्हटल्यावरच तो आवळलेला होता हे कळते. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू न देता ओठ हलके मिटावेत.

जिभेबद्दल येथे थोडे अधिक सांगायला हवे. शिकागोचे वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९३०च्या सुमारास स्नायूंतील विद्युतप्रवाह मोजताना असे पाहिले, की माणूस मनातल्या मनात शब्द उच्चारत असला तरी त्याच्या जिभेच्या स्नायूंत सूक्ष्म हालचाल नोंदली जाते. म्हणजे विचार हा पूर्णपणे डोक्यातला कारभार नाही, त्यात तोंडही सामील असते. शवासनात जीभ सैल सोडल्यावर मनातली बडबड मंदावल्याचा अनुभव पुष्कळांना येतो, त्याच्याशी हे जुळते.

अंग सैल झाल्यावर लक्ष श्वासाकडे वळवावे. तो पोटाने चालू द्यावा. आत येणारी हवा नाकपुड्यांना किंचित गार आणि बाहेर जाणारी कोमट लागते, एवढेच पाहत राहावे. विचार येतात आणि ते येणारच. त्यांना हाकलायला गेले की कपाळाला पुन्हा आठ्या पडतात. लक्ष भरकटल्याचे ध्यानात आल्यावर ते नाकाशी परत आणावे. दहा-पंधरा मिनिटांनी हातापायांची बोटे हलवून, एका कुशीवर वळून, हाताचा आधार घेत सावकाश उठून बसावे. ताडकन उठल्यास पायांकडे रक्त उतरून घेरी येऊ शकते.

झोप आणि शवासन. वर्गात घोरण्याचा आवाज आला नाही असे शवासन विरळाच. शिक्षक ते फार मनावर घेत नाहीत, पण झोप लागली की आसन संपले. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. आपल्याकडची वामकुक्षी जेवणानंतर डाव्या कुशीवर घ्यायची, तिच्यात डुलकी लागणे अपेक्षितच असते. शवासन रिकाम्या पोटी, उताणे आणि जागेपणी. सारखी झोप लागत असेल तर एक जुनी युक्ती करतात : एक कोपर जमिनीवर टेकवून पुढचा हात सरळ उभा ठेवायचा. डोळा लागला की तो हात कलंडतो आणि जाग येते. तरीही रोज झोपच लागत असेल, तर रात्रीची झोप अपुरी आहे असे समजून आधी तिची व्यवस्था लावावी. अपुऱ्या झोपेची भरपाई शवासनाने होते ही समजूत चुकीची आहे.

शरीरात काय घडते. ताणाच्या प्रसंगी अनुकंपी मज्जासंस्था जागी होते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पचन मंदावते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये लढा किंवा पळा अशा शब्दांत ही प्रतिक्रिया मांडली. अडचण अशी, की ऑफिसातल्या साहेबाशी ना लढता येते, ना त्याच्यापासून पळता येते. तयारी झालेले शरीर तसेच आवळून बसते, आणि लोकल पकडून घरी आल्यावरही ते सुटत नाही.

आडवे पडल्याने पहिला फरक साध्या गुरुत्वाकर्षणामुळे पडतो. पायांतले रक्त हृदयाकडे सहज परतते. मानेतील व महारोहिणीतील (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतील) रक्तदाब ओळखणारी संवेदके ताणली जातात आणि ठोके कमी करण्याचा संदेश मेंदूकडे जातो. दुसरा फरक स्नायूंमुळे. आवळलेले स्नायू मेंदूला सतत सावध राहा असे कळवत असतात, ते सैल झाले की हा मारा ओसरतो. तिसरा श्वासामुळे. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना मंद होते, म्हणून उच्छ्वास लांबला की शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी संस्थेचा, विशेषतः मेंदूतून हृदयाकडे व पोटाकडे जाणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेचा (व्हेगस), प्रभाव वाढतो.

संशोधन. शवासनाचा औषधोपचारातील उपयोग तपासणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक मुंबईत झाला. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. निष्कर्ष १९६९ मध्ये अँजिऑलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सहलेखकांत कैवल्यधामाशी संबंधित डॉ. विनेकर होते, म्हणजे लोणावळ्याची परंपरा आणि मुंबईचे वैद्यक येथे एकत्र आले. रुग्णांचे तीन गट होते : औषध न घेणारे, औषधाने दाब आटोक्यात असलेले आणि औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेले. पहिल्या गटात रक्तदाब लक्षणीय उतरला, उरलेल्या दोन गटांत बऱ्याच जणांची औषधाची मात्रा कमी करता आली. आसन नीट जमायला सुमारे तीन आठवडे लागतात, ही त्यांची नोंद मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. दोन दिवस पडून पाहिले आणि काही वाटले नाही म्हणणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी. श्वास घेतल्यावर थोडे आणि सोडल्यावर जरा जास्त थांबायचे, अशी लय त्यांनी रुग्णांना दिली होती.

लंडनमधील डॉ. चंद्रा पटेल यांनी योगातील शिथिलीकरणाला जैवप्रतिसाद यंत्राची (शरीरातील बदल माणसाला त्याच वेळी दाखवणाऱ्या, बायोफीडबॅक यंत्राची) जोड देऊन २० रुग्णांवर असाच प्रयोग केला. द लॅन्सेटमधील १९७३च्या लेखानुसार पाच जणांची औषधे पूर्ण थांबली, सात जणांची कमी झाली, चौघांचा रक्तदाब अधिक चांगला आटोक्यात आला आणि चौघांना काहीच फरक पडला नाही. हे दोन्ही अभ्यास आजच्या मापाने लहान आहेत. त्यांच्या आधारे कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. दोन्ही ठिकाणी औषध कमी झाले ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

जवळच्या पद्धती. जेकबसन यांची क्रमशः शिथिलीकरण पद्धती (१९२९) शवासनाची जुळी वाटते, पण वाट वेगळी आहे. तीत स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडतात, म्हणजे ताण आणि ढिलेपणा यांतला फरक कळतो. ज्यांना नुसते सैल सोडा म्हटल्यावर काय करायचे हेच उमगत नाही, त्यांनी आधी मुठी पाच-सात सेकंद घट्ट आवळून सोडून पाहाव्यात. मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगचे स्वामी सत्यानंद यांनी रूढ केलेली योगनिद्रा शवासनातच, पण शिक्षकाच्या सततच्या सूचनांवर चालते. ती त्यांनी तंत्रशास्त्रातील न्यासाच्या, म्हणजे शरीराच्या एकेका भागावर मंत्र ठेवण्याच्या विधीच्या, आधारे बांधली. मोबाइलवर ऐकू येणाऱ्या बहुतेक शिथिलीकरणाच्या ध्वनिफिती या दोन पद्धतींची मिसळ असतात. सूचना ऐकून करणे सुरुवातीला सोपे जाते, मात्र दर वेळी आवाज लागू लागला तर ती कुबडी होते. निदान जाहिराती मध्येच ओरडणार नाहीत एवढे तरी पाहावे.

दक्षता. गरोदरपणाच्या साधारण विसाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणे पडू नये. वाढलेल्या गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो. डाव्या कुशीवर, पायांत उशी घेऊन हेच शिथिलीकरण करता येते. आम्लपित्ताने घशाशी आंबट येणाऱ्यांनी डोके व छाती उंच ठेवावी. काही जणांना, विशेषतः आघातातून गेलेल्यांना, डोळे मिटून निश्चल पडल्यावर उलट धडधड आणि भीती वाटते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, वेळ दोन-तीन मिनिटांवर आणावा किंवा दुसरा मार्ग निवडावा, जबरदस्तीने पडून राहू नये. ज्यांना आडवे होणे शक्य नाही त्यांच्यासाठी सांताक्रूझच्या ‘द योग इन्स्टिट्यूट’मध्ये निष्पंदभाव शिकवतात : भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, हात मांड्यांवर सैल सोडून बसायचे आणि दूरवरचा एखादा आवाज, त्याचा अर्थ न लावता, नुसता ऐकत राहायचे.