जपानमध्ये शिकवताय? जोडीदाराला भेटीला बोलावताना लागणारी कागदपत्रं

जपानमधल्या शाळेत किंवा विद्यापीठात नोकरी सुरू झाली, बस्तान बसलं, की जोडीदाराला इकडे कसं बोलवायचं हा विचार सुरू होतो. रस्ता कोणता, हे आधी एकाच गोष्टीवर ठरतं: तुमचं कायदेशीर लग्न झालंय का.

लग्न झालेलं असेल आणि दीर्घकाळ सोबत राहायचं असेल, तर डिपेंडंट व्हिसा. त्यासाठी तुम्ही इमिग्रेशन कार्यालयातून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेचं प्रमाणपत्र, काढायचं. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. साखरपुडा झालेला किंवा लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार यात बसत नाही. त्यांच्यासाठी, आणि फक्त सुट्टीपुरतं येणाऱ्या नवऱ्या-बायकोसाठीही, अल्पकालीन मुक्कामाचा व्हिसा असतो. मुक्काम 15, 30 किंवा 90 दिवसांचा. या व्हिसावर पगारी काम करता येत नाही. इथे आल्यावर तो दुसऱ्या प्रकारात बदलून घेऊ, या भरवशावर तर अजिबात राहू नका. अपवादात्मक कारण असल्याशिवाय तसं होत नाही.

या अल्पकालीन व्हिसासाठी भारतातून येणाऱ्या जोडीदाराने अर्ज तिथूनच करायचा. पासपोर्ट, फोटोसह अर्ज, तिकिटाचं बुकिंग, खर्च स्वतः करणार असल्यास बँकेची कागदपत्रं, आणि नात्याचा पुरावा. नवरा-बायको असाल तर विवाह प्रमाणपत्र पुरतं. लग्न झालेलं नसेल तर एकत्र फोटो, जुने मेसेज, फोनच्या नोंदी जोडा. इथे पुष्कळ जण संकोचून नुसतं 'मित्र' किंवा 'ओळखीचे' असं लिहितात. माझं स्पष्ट मत आहे की जे नातं आहे तेच लिहावं. समोरच्या अधिकाऱ्याला तुम्हा दोघांबद्दल कागदापलीकडे काही माहीत नसतं, आणि मोघम नात्यासाठी कुणी महिनाभर घरी ठेवून घेतं, हे त्याला पटणं कठीण.

तुमच्याकडून जाणारे कागद जास्त महत्त्वाचे. निमंत्रणपत्र आणि मुक्कामाचा कार्यक्रम प्रत्येकाला लागतो. खर्च तुम्ही उचलणार असाल तर हमीपत्रही. त्यात राहण्याचा खर्च, परतीचा खर्च आणि कायद्याचं पालन, अशी तिन्हींची हमी तुम्ही देता, म्हणून सही विचार करून करा. त्यासोबत रेसिडन्स कार्डच्या दोन्ही बाजूंची प्रत, शाळेकडून नोकरीचा दाखला, सिटी ऑफिसातून जुमिन्ह्यो (रहिवासाचा दाखला) आणि उत्पन्न दाखवणारं कर प्रमाणपत्र. जुमिन्ह्यो घेताना घरातल्या सगळ्यांचा तपशील मागा, फक्त माय नंबर (सरकारी ओळख क्रमांक) छापू नका असं सांगा. दाखले तीन महिन्यांच्या आतले हवेत.

निमंत्रणपत्रात 'भेटीसाठी' एवढंच लिहून भागत नाही. ओळख कशी झाली, शाळेची सुट्टी कधी आहे, त्या काळात दोघं काय करणार, हे चार-पाच वाक्यांत सांगा. कार्यक्रमाच्या तक्त्यात येण्याची व जाण्याची तारीख, विमानाचा क्रमांक, दिवसागणिक बेत, मुक्कामाचा पत्ता आणि फोन भरायचा असतो. तुम्ही वर्गात असाल ते दिवस रिकामे ठेवू नका. 'घरी, परिसरात फिरणं' असं साधं लिहिलं तरी चालतं. निमंत्रणपत्र, तक्ता आणि तिकीट या तिन्हींतल्या तारखा जुळतात ना, हे मात्र एकदा शेजारी ठेवून तपासा.

कागद पूर्ण असतील तर निर्णय साधारण पाच कामाच्या दिवसांत होतो; अर्ज टोकियोतल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे चौकशीला गेला तर महिन्याहून जास्त. नकार आला तर कारण सांगत नाहीत, आणि भेटीच्या त्याच उद्देशासाठी सहा महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत. म्हणून घाई करून अर्धवट अर्ज देण्यापेक्षा सुट्टीच्या दोन-तीन महिने आधी तयारीला लागा. मिळालेला व्हिसा तीन महिने वैध असतो, तेवढ्यात जपानमध्ये दाखल व्हावं लागतं.

शाळेने किंवा शिक्षण मंडळाने दिलेल्या घरात राहत असाल, तर पाहुणा किती दिवस ठेवता येईल हे करारात बघा आणि आधीच लेखी विचारा. अल्पकालीन पाहुण्याला इथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही, त्यामुळे प्रवास विमा भारतातूनच काढून यायला सांगा. बाहेर पडताना पासपोर्ट त्यांनी सतत जवळ ठेवायचा, कायद्याने ते बंधनकारक आहे.