हिमनदीची उसळी वर्षांत नव्हे, साठलेल्या बर्फात मोजा

अलास्कातली व्हेरिगेटेड हिमनदी सुमारे २० किलोमीटर लांब आहे. एरवी ती दिवसाला मीटरभरही सरकत नाही. पण १९८३च्या जूनमध्ये तिच्या खालच्या भागाने दिवसाला तब्बल ६५ मीटरपर्यंत वेग गाठला. हिमनदीच्या अशा अचानक धावत सुटण्यालाच उसळी म्हणतात. ४ जुलैला हा वेग एकाएकी ओसरला आणि त्याच सुमारास हिमनदीच्या टोकातून अतिशय गढूळ पाण्याचा लोंढा बाहेर पडला.

सगळी गोम या पाण्यात आहे. एरवी वितळलेले पाणी तळाच्या रुंद बोगद्यांतून निघून जाते. हिवाळ्यात पाणी आटले की वरच्या बर्फाच्या भाराने बोगदे मिटतात, उरलेले पाणी चिंचोळ्या वाटांनी जोडलेल्या पोकळ्यांत कोंडते आणि त्याचा दाब चढतो. बर्फाचे बरेचसे वजन मग पाणीच पेलते आणि तळाची पकड सुटते. बोगदे पुन्हा उघडले, की खेळ संपतो.

पण पुढची उसळी केव्हा? शांत काळात वर पडणारे हिम खाली पोहोचवण्याइतका वेग हिमनदीला नसतो. त्यामुळे वरचा भाग फुगतो, खालचा वितळून झिजतो आणि उतार वाढत जातो. व्हेरिगेटेडच्या दोन उसळ्यांमधली वर्षे कमीजास्त भरतात. वरच्या भागात साठलेल्या बर्फाच्या जाडीचा हिशेब मात्र दर वेळी सुमारे ४३ मीटरवर येतो. मला या विषयातला हा सर्वांत सुंदर आकडा वाटतो.

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर उसळी ३ ते १० वर्षे चालते आणि हिमवर्षाव कमी, म्हणून शांत काळ ५० ते ५०० वर्षांचा असतो. तिथे शंभर वर्षांच्या नोंदींवर विसंबता येत नाही. हिमोढांचे, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचे, पट्टे पाहावे लागतात. शांत काळात बाजूने येऊन मिळणाऱ्या उपहिमनदीचा बर्फ मुख्य प्रवाहात घुसून फुगवटा करतो, उसळी तो ओढून खाली नेते. मागे राहतो हिमोढाचा लांबट फास.

टोक पुढे आले म्हणून हिमनदी धष्टपुष्ट झाली असे समजू नये. तो वरचाच बर्फ असतो, उबदार उंचीवर येऊन लवकर वितळणारा. आणि तो दरी अडवू शकतो: पाकिस्तानच्या ताब्यातील हुंझा खोऱ्यातल्या शिश्पेर हिमनदीच्या २०१८च्या उसळीने शेजारच्या हिमनदीचे पाणी अडून तलाव झाला, ७ मे २०२२ रोजी त्याच्या पुराने काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला.

उष्ण होत चाललेल्या हवामानात काही हिमनद्यांना पुरेसा बर्फ साठवताच येत नाही. स्वालबार्डची स्कॉट टर्नर हिमनदी पूर्वी उसळलेली आहे. आता ती इतकी पातळ झाली आहे, की तळापर्यंत गोठून जमिनीला चिकटली आहे.