धनुर्मृगयेतील मायावरण व लहान सामग्री

धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याने जनावराच्या डोळ्यांना, कानांना आणि मुख्यतः नाकाला चुकवण्यासाठी केलेली वेषाची तयारी, तसेच धनुष्यबाणाखेरीज त्याने अंगावर वा पिशवीत बाळगलेल्या किरकोळ वस्तू. ही सामग्री सर्वांत जास्त विकसित झाली ती उत्तर अमेरिकेत, तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीत; पुढील विवेचन प्रामुख्याने त्याच शिकारीचे आहे. रायफलवाला दोनशे यार्डांवरून नेम धरू शकतो. धनुर्धराला मात्र बहुधा २० ते ३० यार्डांच्या, म्हणजे १८ ते २७ मीटरांच्या आत यावे लागते, आणि तेवढ्या जवळून हरणाला माणसाचा श्वासही कळतो. म्हणून धनुष्य किती महागाचे आहे यापेक्षा खिशातल्या क्षुल्लक वस्तूंवर शिकारीचे यशापयश अधिक ठरते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी असल्याने हा विषय येथे व्यवहाराचा उरलेला नाही. शब्द मात्र आपल्याकडे भरपूर आहेत : पारध, माग, लपण, मचाण. त्यांतले मचाण अजून वापरात आहे. महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसणाऱ्यांना भडक कपडे घालू नका, अत्तर लावू नका, बोलू नका, असे बजावले जाते. धनुर्धराचे पहिले तीन धडेही नेमके हेच.

अमेरिकेतील आधुनिक धनुर्मृगयेच्या इतिहासात ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतील इशी या माणसाचे स्थान मोठे आहे. आपल्या लोकांपैकी एकटाच उरलेला इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ आढळला. नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना, १९१६ मध्ये क्षयाने मरण येईपर्यंत, त्याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरला आपली धनुर्विद्या शिकवली. पोप यांनी त्याची रीत टिपून ठेवली आहे. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, धूम्रपान करायचे नाही. सकाळी ओढ्यात अंघोळ करून पुदिन्याच्या कुळातील येर्बा बुएना या सुगंधी वनस्पतीचा पाला अंगाला चोळायचा, चूळ भरायची आणि उपाशीपोटी निघायचे. हरणाला कुतूहलाने जवळ आणण्यासाठी तो भुसा भरलेले हरणाचे मुंडके टोपीसारखे डोक्यावर चढवी. छापील कापड नव्हते, गंधनाशक फवारा नव्हता, तरी आजच्या दुकानातला जवळजवळ प्रत्येक विभाग या वर्णनात सापडतो. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने पुढे १९६१ मध्ये ‘पोप अँड यंग क्लब’ हा धनुर्धर शिकाऱ्यांचा संघ स्थापन झाला.

केवळ धनुष्यासाठी राखीव असा हरणांच्या शिकारीचा हंगाम विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये सुरू केला. मिसूरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांनी १९६६ मध्ये कप्प्या लावलेल्या, म्हणजे कंपाउंड धनुष्याच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला, तेव्हापासून धनुष्य पूर्ण ओढून धरणे सुकर झाले. ७० पौंड ताणाच्या धनुष्यात पूर्ण ओढल्यावर कप्प्यांमुळे ताणात ८० टक्के सवलत मिळाली, तर शेवटी हातावर १४ पौंडच भार राहतो. हरणाचे डोके झाडाआड असताना धनुष्य ओढायचे आणि ते पुढे येईपर्यंत थांबायचे, हे त्यामुळे जमू लागले. धनुर्विद्येच्या साहित्यावर अमेरिकेत केंद्रीय कर आहे आणि त्याचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

मायावरणाच्या कापडाचा खास शिकारीसाठी बाजार तुलनेने नवा आहे. त्याआधी शिकारी लष्करी ठिपक्यांचे कापड किंवा लोकरीचे चौकटीचे डगले घालत. १९८० च्या सुमारास व्हर्जिनियात जिम क्रम्ली यांनी झाडाच्या सालीवरून ‘ट्रीबार्क’ हा नमुना काढला. १९८६ मध्ये ‘मॉसी ओक’ आणि ‘रिअलट्री’ हे दोन नमुने आले आणि पाहता पाहता सदऱ्यापासून मोटारीच्या बैठकीपर्यंत सगळीकडे पानेफांद्या छापल्या जाऊ लागल्या. छायाचित्रासारखी हुबेहूब झाडी हरणापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक भुलवते, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. बारीक पाने वीस पावलांवरून एकात एक मिसळतात आणि माणसाचा एक काळपट ठोकळा दिसू लागतो. मोठे फिकट-गडद पट्टे ही बाह्याकृती तोडतात, म्हणून ते अधिक उपयोगी.

हरणाचा डोळा आपल्यासारखा नाही. जॉर्जिया विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेल्या संशोधनातून असे दिसले की, त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, निळ्याला आणि हिरव्या-पिवळ्याला प्रतिसाद देणाऱ्या. तांबड्यासाठी स्वतंत्र पेशी नाही. म्हणून बंदुकीच्या हंगामात अनेक राज्यांत सक्तीचे असलेले झगझगीत नारिंगी जाकीट माणसाला मैलावरून दिसते, पण हरणाला ते नारिंगी म्हणून दिसत नाही. याउलट निळी जीन्स त्याला चांगलीच दिसते, विशेषतः तिन्हीसांजेला. हरणाच्या नेत्रभिंगात अतिनील किरण अडवणारी गाळणीही नसते. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेली द्रव्ये, आपल्याकडच्या टिनोपॉलच्या जातीची, अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. महागाचा मायावरणी सदरा अशा पावडरीत धुतला की त्यावरची पाने हरणासाठी उजळून निघतात. पैसे वाया घालवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

रानटर्की या पक्ष्याची गोष्ट वेगळी. पक्ष्यांची रंगदृष्टी माणसाहून सरस असल्याने तेथे रंग जुळणे खरोखर महत्त्वाचे ठरते. नर टर्कीचे डोके तांबडे, पांढरे व निळे दिसते. म्हणून त्या हंगामात हे रंग अंगावर घालत नाहीत, कारण दुसरा शिकारी फसू शकतो. जमिनीवरच्या कापडी लपणात बसायचे असेल तर मायावरण नकोच : आतली बाजू काळी असते, तेव्हा अंगातही काळेच घालावे. चेहरा आणि हात मात्र सर्वत्र झाकावे लागतात, कारण हलणारे आणि चकाकणारे तेच असतात. जाळीदार मुखवट्यापेक्षा काजळी-रंगाचा हात फिरवलेला बरा. ओढलेली दोरी गालावर ज्या जागी टेकवायची ती जागा जाळीमुळे चुकते. स्कॉटिश शिकाररक्षकांचा झिपऱ्यांचा ‘घिली’ पोशाख लपण्यासाठी उत्तम, पण त्याच्या झिपऱ्या दोरीत अडकतात.

वाऱ्यापुढे मात्र सगळे मायावरण व्यर्थ. रबरी बूट, वासरहित साबण, वास शोषणारे कार्बनचे अस्तर यांवर बराच खर्च होतो आणि त्यांचा थोडाफार उपयोगही असेल. पण वारा आपल्याकडून हरणाकडे वाहत असेल तर जागा बदलणे हाच उपाय. वारा पाहण्यासाठी बारीक भुकटीची पिचकारी-बाटली मिळते. जाणते शिकारी त्याऐवजी मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवतात. मिल्कवीड ही आपल्या रुईची जातभाई, आणि हा कापूस म्हणजे लहानपणी फुंकून उडवलेली ‘म्हातारी’च. भुकटी हातभर अंतरावर विरते. म्हातारी पन्नास-साठ पावले तरंगत जाऊन झाडामागे वारा कोठे वळतो, घळीत कोठे उतरतो हे दाखवते. डोंगराळ भागात ऊन चढले की हवा उताराने वर जाते आणि संध्याकाळी खाली घसरते, त्यामुळे सकाळची बैठक संध्याकाळी निरुपयोगी ठरू शकते.

आवाजाचे गणित साधे आहे. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण ३० यार्ड जायला सुमारे ०.३२ सेकंद घेतो. दोरीचा टणत्कार मात्र ०.०८ सेकंदात पोहोचतो. उरलेल्या पाव सेकंदात सावध हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून दोरीला रबराच्या झिपऱ्या किंवा पारंपरिक धनुष्यावर बीव्हरच्या कातड्याचे तुकडे बांधतात, बाण टेकण्याच्या जागेवर फेल्ट चिकटवतात, किल्ल्या घरी ठेवतात. कपडा लोकरीचा किंवा फ्लीसचा हवा. चुरचुर वाजणारा पावसाळी डगला मचाणावर कामाचा नाही. बाही सैल असेल तर दोरी तिला घासते, म्हणून आर्मगार्ड, म्हणजे हातावर बांधायचा पट्टा, लागतो.

दोरी सोडण्यासाठी कंपाउंडवाले मनगटाला बांधायचा ‘रिलीज’ वापरतात, तर साधे धनुष्य ओढणारे चामडी बोटमोजा किंवा ‘टॅब’ म्हणजे बोटांवर धरायचा चामड्याचा तुकडा. यातली वस्तू हरवली की दिवस संपला, म्हणून दुसरी पिशवीत असतेच. बाणाची पाती बहुधा १०० वा १२५ ग्रेन वजनाची असतात, म्हणजे साडेसहा किंवा आठ ग्रॅम. स्थिर पाती भरवशाची. आदळल्यावर उघडणारी पाती हवेत सरळ जातात पण भेदनात ताकद गमावतात, त्यामुळे कमी ताणाच्या धनुष्यासाठी स्थिरच योग्य. धार दाढीच्या पात्यासारखी असली पाहिजे, आणि ती झाकणारा भाता हे सुरक्षेचे साधन आहे. रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारे यंत्र, घ्यायचाच तर उंचीचा कोन हिशेबात धरणारा घ्यावा.

अमेरिकेत अनेक जण झाडावर १५ ते २० फूट उंच मचाणावर बसतात आणि गंभीर अपघात बाणाने कमी, पडण्याने जास्त होतात. सर्वांगी पट्टा चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत झाडाला बांधलेला हवा. नुसता कमरेचा पट्टा जीव घेऊ शकतो. धनुष्य हातात घेऊन कधीच चढत नाहीत. वर बसल्यावर ते दोरीने ओढून घेतात. ही साधी दोरी साऱ्या सामग्रीत सर्वांत स्वस्त आहे.

बाण लागल्यावर निदान अर्धा तास हलायचे नाही, पोटात लागला असेल तर कित्येक तास. लगेच मागे लागले की जखमी हरीण दूर पळते. नंतर रक्ताचा माग काढताना प्रत्येक ठिपक्यापाशी रंगीत फीत किंवा टॉयलेट पेपरचा तुकडा लावत जातात, म्हणजे मागे वळून पाहिले की पळण्याची दिशा कळते. फीत मात्र परतताना काढून आणावी लागते. कागद पावसात विरघळतो, म्हणून पुष्कळांची पसंती त्यालाच. डोक्याला बांधायची बॅटरी, सुरी, रबरी हातमोजे आणि परवान्याची चिठ्ठी ही पिशवीच्या तळाशी असतात, आणि ती बहुधा अंधार पडल्यावरच लागतात.