जपानी आरसा आपल्या गाडीत: एक पार्श्वभूमी

कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गाडीच्या आतला आरसा मागितला, की बाहेरून आलेल्या मालात साधारण दोन प्रकारची खोकी पुढे येतात. एक लांबट आणि हलकं. त्यात २४० ते ३०० मिलिमीटर रुंदीचा आरसा असतो आणि त्याच्या मागे स्प्रिंगच्या पकडी असतात. गाडीत आधीपासून असलेल्या आरशावरच तो अडकवायचा, काम पाच मिनिटांचं. दुसरं खोकं जड. त्यात मागून वायर निघालेला आरसा असतो, पुढच्या काचेला चिकटवायची धातूची चकती असते आणि रात्री मागच्या गाडीचा उजेड पडला की आपोआप काळवंडणारी काच असते. पहिला बहुधा जपानी असतो किंवा जपानी मालाची नक्कल. दुसऱ्याचं मूळ अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आहे. यांतला कोणता घ्यावा, कोणता आपल्या गाडीला बसेल, हे दुकानदार सांगेलच. पण ही दोन खोकी अशी वेगवेगळी का झाली, हे कळलं तर निवड डोळसपणे करता येते.

आरसा येण्याआधी मागे बघायला माणूस असे. आपल्याकडे हे वेगळं समजवावं लागत नाही, कारण ट्रकवरचा क्लीनर आपण पाहिलेला आहे. डावीकडून डोकं बाहेर काढून मागची वाहतूक बघायची, रिव्हर्स घेताना खाली उतरायचं, बॉडीवर थाप मारून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचं, हे त्याचं काम. मोटारींच्या शर्यतींच्या सुरुवातीच्या काळात ड्रायव्हरशेजारी असाच एक मेकॅनिक बसे. तेलाचा पंप मारणं, टायरकडे लक्ष ठेवणं आणि मागून कोण येतंय ते सांगणं त्याच्याकडे होतं.

३० मे १९११ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. चाळीस गाड्या सुटल्या. त्यांतल्या एका गाडीत मेकॅनिक नव्हता, कारण ती एकाच सीटची होती: मार्मन कंपनीची पिवळी-काळी ‘वॉस्प’. रे हॅरून हा ड्रायव्हर आणि इंजिनिअर. शर्यतींतून तो निवृत्त झाला होता, या एका शर्यतीसाठी परत उतरला. एका माणसाचं वजन कमी झाल्याने गाडी हलकी झाली आणि निमुळत्या शेपटीमुळे हवेचा अडथळाही घटला. इतर ड्रायव्हरनी तक्रार केली, की मागे बघायला माणूस नाही तर ही गाडी सगळ्यांनाच धोक्याची आहे. तेव्हा हॅरूनच्या पुढ्यात एका चौकटीत साधारण आठ इंच बाय तीन इंचांचा आरसा बसवण्यात आला. १९०४ मध्ये शिकागोला एका घोडागाडीवर असा आरसा पाहिल्याचं तो सांगे. शर्यत त्याने ६ तास ४२ मिनिटांत जिंकली. सरासरी वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर पडला.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. तिचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पुढे हॅरूननेच कबूल केलं, की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात त्याला काहीही दिसत नव्हतं. आज लांब क्लिपचा आरसा लावून खड्ड्यांतून जाणाऱ्या माणसाची तक्रार नेमकी हीच असते. आरशाचं वजन आणि लांबी वाढली आणि पकडणारा सांधा तोच राहिला, तर काच थरथरणारच.

हॅरूनचा आरसा पहिला होता, असंही नाही. डोरोथी लेव्हिट या इंग्लंडच्या मोटारचालक बाईंनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी गाडी चालवण्याविषयी पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सल्ला दिला, की एक छोटा हातआरसा जवळ ठेवावा आणि रहदारीत अधूनमधून वर धरून मागचं पाहावं. त्या आधीच्या दोन-तीन वर्षांतही गाडीला लावायचे आरसे बाजारात येऊ लागले होते. १९२१ मध्ये अमेरिकेत एल्मर बर्गर यांनी आरशाचं पेटंट घेतलं आणि तो रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसाठी विकायला काढला. त्याचं नाव होतं ‘कॉप-स्पॉटर’, म्हणजे मागून येणारा पोलीस दाखवणारा. तेव्हा गाडीसोबत आरसा मिळत नसे. तो विकत आणायचा आणि आपल्या हाताने किंवा मेकॅनिककडून बसवून घ्यायचा. बाहेरचा आरसा आणून बसवणं ही आजची हौस आहे असं आपल्याला वाटतं, पण आरशाची सुरुवातच तशी झाली.

रात्रीच्या उजेडाचा प्रश्न १९३० च्या दशकात हाताळला गेला. आरशाखालची छोटी दांडी आपण रात्री खेचतो, ती त्या काळातली. तिच्यामागची युक्ती साधी आणि सुंदर आहे. ही काच दोन्ही कडांना सारख्या जाडीची नसते, पाचरीसारखी असते. तिच्या मागच्या पृष्ठभागावर चांदीसारखा मुलामा असतो, पुढचा पृष्ठभाग उघडा असतो. दिवसा आपण मुलाम्यावरून येणारं प्रतिबिंब बघतो. दांडी ओढली की मुलाम्याचा प्रकाश गाडीच्या छताकडे जातो आणि पुढच्या उघड्या काचेवरून परतणारा जेमतेम चार टक्के प्रकाश डोळ्यांत येतो. मागच्या गाडीचे दिवे दिसतात, पण डोळे दिपत नाहीत.

मिशिगनच्या हॉलंड गावात १९०५ साली सुरू झालेली काचेची एक कंपनी पुढे डॉनेली नावाने ओळखली गेली. आसपास फर्निचरचे कारखाने होते आणि त्यांच्या कपाटांना, ड्रेसिंग टेबलांना ही कंपनी आरसे पुरवत असे. पुढे ती गाड्यांच्या आरशांकडे वळली. काचेला चिकटवलेल्या चकतीवर आरसा अडकवायच्या पद्धतीला दुकानांत आणि वर्कशॉपमध्ये अजूनही ‘डॉनेली माउंट’ म्हणतात. आयात केलेला आरसा आपल्या गाडीच्या चकतीवर बसत नाही, तेव्हा बहुतेकदा भांडण याच चकतीचं असतं. जपानी, कोरियन, युरोपीय गाड्यांच्या चकत्या वेगवेगळ्या आकाराच्या असतात.

दांडी न ओढता आरसा आपोआप झुकावा म्हणून जेकब रॅबिनो या संशोधकाने १९४० च्या दशकात प्रकाश ओळखणारी यंत्रणा तयार केली. क्रायस्लरने १९५९ मध्ये असे आरसे जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली, पण फार कुणी घेतले नाहीत. यश आलं ते हॉलंडशेजारच्या झीलंड गावात. तिथे १९७४ मध्ये जेन्टेक्स ही कंपनी धूर ओळखणारी उपकरणं बनवायला सुरू झाली होती. प्रकाश मोजणारे सेन्सर तिच्या हाताखाली होतेच. १९८२ मध्ये तिने मोटरने झुकणारा आरसा काढला आणि १९८७ मध्ये, अजिबात न हलता, काचच गडद होणारा. या काचेत दोन पातळ थर असतात, दोन्हींवर वीजवाहक लेप आणि मधल्या फटीत एक रसायन. सव्वा व्होल्टच्या आसपास दाब दिला की रसायन गडद होतं, वीज काढली की पुन्हा स्वच्छ. एक सेन्सर पुढचा अंधार मोजतो, दुसरा मागचा उजेड. पुढे अंधार आणि मागे झगझगाट असेल तरच काच काळवंडते. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की ती लगेच उजळावी, म्हणून अशा आरशाला रिव्हर्स दिव्याचीही एक वायर द्यावी लागते. ती न जोडताच आरसा लावून देणारे मेकॅनिक आहेत, तेव्हा समोर उभं राहून बघावं.

आता जपान. तिथली वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, म्हणून त्यांच्यासाठी बनलेला आतला आरसा आपल्या गाडीत उलटा पडत नाही. बाहेरच्या आरशांचा त्यांचा इतिहास मात्र निराळा आहे. १९८३ पर्यंत तिथे आरसे दारावर लावायला परवानगी नव्हती. ते बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकांच्या वर असत. जुन्या जपानी टॅक्सींच्या फोटोंत ते कानांसारखे उभे दिसतात. आतल्या आरशाला जपानी लोक ‘रूम मिरर’ म्हणतात आणि मूळ आरशावर अडकवायचा रुंद रूम मिरर ही तिथली घराघरातली वस्तू आहे. नेपोलेक्स कंपनीचा ‘ब्रॉडवे’ हा त्यातला नावाजलेला. आग्नेय आशियात आणि भारतात त्याच्या इतक्या नकला निघाल्या, की बरेच दुकानदार अशा कुठल्याही आरशाला ब्रॉडवेच म्हणतात.

हे आरसे सपाट आणि बहिर्वक्र (बाहेर फुगीर, म्हणून जास्त रुंद दृश्य दाखवणारा) अशा दोन्ही प्रकारांत येतात, आणि खरा प्रश्न इथे आहे. बहिर्वक्र आरशाच्या खोक्यावर ‘३००० आर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो वक्रतात्रिज्येचा आकडा, मिलिमीटरमध्ये. म्हणजे तुमच्या आरशाची काच तीन मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा आहे. शाळेतलं आरशाचं सूत्र लावून बघा. डोळा आरशापासून ६० सेंटिमीटरवर आहे आणि मागची गाडी १५ मीटरवर. सपाट आरशात ती १५ मीटरवरच्या गाडीएवढी दिसेल. ‘३०००’ च्या आरशात ती साधारण २१ मीटरवर असल्याइतकी लहान दिसते. त्रिज्या १२०० असेल तर ३० मीटरवर असल्याइतकी. रुंद दृश्य फुकट मिळत नाही, ते अंतराचा अंदाज मोजून घेतं.

म्हणूनच नियम करणाऱ्यांचं या बाबतीत एकमत झालं नाही. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या वाहन-सुरक्षेच्या मानक क्रमांक १११ नुसार आतला आरसा सपाटच लागतो. बहिर्वक्र काच डाव्या स्टिअरिंगच्या त्यांच्या गाड्यांत उजव्या बाजूला चालते, आणि तिच्यावर ‘आरशात दिसतं त्याहून वस्तू जवळ आहेत’ ही ओळ कोरावी लागते. युरोपातून आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४६ मध्ये आतला आरसाही बहिर्वक्र चालतो, फक्त त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. चालकाच्या मागे ६० मीटरवर २० मीटर रुंदीचा रस्ता आतल्या आरशात दिसला पाहिजे, ही अटही त्याच नियमातली.

आपल्याकडे आरशांसाठी एआयएस-००१ आणि बसवण्यासाठी एआयएस-००२ ही मानकं आहेत. ती तयार करण्याच्या कामाशी पुण्याच्या वेताळ टेकडीवरची ‘एआरएआय’ (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था जोडलेली आहे. पण मानकं येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण मागचं जग कानाने ओळखत आलो. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ ही त्याचीच खूण: मला दिसत नाही, तू वाजव. ध्वनिप्रदूषणामुळे महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी केली. छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलना बरीच वर्षं डाव्या बाजूचा आरसाच नसे. २००९ मध्ये आलेल्या टाटा नॅनोलाही सुरुवातीला ड्रायव्हरच्या बाजूचा एकच बाहेरचा आरसा होता. अशा गाडीत डावीकडची दुचाकी दिसायची तर आतल्या आरशावरच भिस्त. रुंद आरशाची ओढ आपल्याकडे इतकी का रुजली, त्याचं मोठं कारण मला हे वाटतं. आपल्या रस्त्यांवर डावीकडून घुसणारी दुचाकी हा रोजचा अनुभव आहे, तेव्हा ती दिसावी असं वाटणं अगदी रास्त आहे.

तरीही मी स्वतः सपाट आरशाच्या बाजूचा आहे. एक्सप्रेसवेवर लेन बदलताना मागची गाडी २१ मीटरवर आहे की १५, हे कळणं मला डाव्या कोपऱ्यातल्या दुचाकीपेक्षा आतल्या आरशाकडून जास्त हवं असतं. त्या दुचाकीसाठी डावा आरसा नीट लावणं आणि मान वळवणं हाच उपाय. शहरातच फिरणारा माणूस उलटी निवड करील आणि तीही चूक नाही. मात्र मग काही आठवडे तरी मागच्या गाड्या जितक्या लांब दिसतात त्याहून जवळ धरून चालवायला हवं.

बसवताना बाकीच्या गोष्टीही याच इतिहासातून निघतात. क्लिपचा आरसा दांडीच्या आरशावर लावला आणि त्याची काच पाचरीची नसली, तर रात्री दांडी ओढून फक्त छत दिसतं. म्हणून अशा आरशांत डोळे कमी दिपवणाऱ्या निळसर काचेचा प्रकार निघाला. आपोआप काळवंडणाऱ्या मूळ आरशावर क्लिप लावली, तर त्याचा मागचा उजेड मोजणारा सेन्सर झाकला जातो आणि पैसे देऊन घेतलेली सोय बंद पडते. तीनशे मिलिमीटरचा आरसा बऱ्याच छोट्या गाड्यांत सन व्हायझर पूर्ण उघडू देत नाही, तेव्हा घेण्याआधी मूळ आरशापासून व्हायझरपर्यंतची जागा टेपने मोजावी. अमेरिकी आरशातलं गॅरेजचं दार उघडायचं बटण आपल्या बहुतेक घरांत शोभेचंच राहतं, त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

चकतीवरचा आरसा धक्का लागला की सुटून पडतो, आणि त्याबद्दल मेकॅनिकवर चिडण्याचं कारण नाही. आदळणाऱ्या डोक्यासमोर आरशाने ताठ उभं राहू नये, म्हणून अमेरिकी मानकातच तो सुमारे ४०० न्यूटनच्या जोराखाली वाकला, मिटला किंवा निखळला पाहिजे असं लिहिलेलं आहे. म्हणून चकती चिकटवायला त्याच कामाचं चिकटद्रव्य वापरावं. निघू नये म्हणून स्क्रू किंवा एपॉक्सीने आरशाची मानच कायमची जखडून टाकणाऱ्याला थांबवावं. आणि वायर छताच्या अस्तरातून पुढच्या काचेशेजारच्या खांबाकडे उतरवताना, गाडीला पडद्याच्या (बाजूच्या खिडक्यांवर उघडणाऱ्या) एअरबॅग असतील तर ती एअरबॅगच्या मागून न्यावी, पुढून कधीच नाही. पुढून गेलेली वायर एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येते.