वजनकाटा न थांबवता : चालू स्विचचं सॉफ्टवेअर बदलण्यामागची गोष्ट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याला वर्षातून एकदा हक्काची झोप मिळते. मोळी गव्हाणीत पडली की हंगाम सुरू होतो, आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मिलचे रोलर उघडतात, बेअरिंगं निघतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात. पुढचे काही महिने फिटर लोकांचं राज्य. त्याच कारखान्याच्या सर्व्हर रूममधल्या, सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या कोअर स्विचला मात्र ऑफ सीझन नाही. हंगामात रात्रंदिवस वजनकाटा चालू असतो, पट्टा पडल्यावर शेतकऱ्यांची बिलं, पगार आणि ऑडिट सुरू होतं. या स्विचचं सॉफ्टवेअर बदलायचं तर कधी, हा प्रश्न दरवर्षी निघतो आणि दरवर्षी पुढच्या महिन्यावर जातो.

चाललंय ते चालू दे, बदलायचंच कशाला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एप्रिल २०१८ ची आठवण करून देतो. सिस्कोच्या स्विचमधल्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीत भोक सापडलं होतं. कंपनीने दुरुस्ती मार्चअखेरीस दिलीही होती. पण ती न लावलेल्या, सोय उघडी टाकलेल्या स्विचांवर दहा दिवसांच्या आत हल्ला झाला. इराण आणि रशियातल्या कितीतरी यंत्रांचं कॉन्फिगरेशन पुसलं गेलं आणि त्या जागी अमेरिकन झेंड्याचं चित्र आलं. म्हणजे अपग्रेड टाळणं हीसुद्धा जोखीमच, फक्त तिची तारीख आपण ठरवत नाही.

वाहतूक न थांबवता स्विचचं सॉफ्टवेअर बदलण्याला ‘इन-सर्व्हिस सॉफ्टवेअर अपग्रेड’ म्हणतात. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार आम्ही नेटवर्कवाले सगळे ‘इशू’ असा करतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं आपण अडचणीबद्दल बोलतोय. तसं तो फार चुकतही नाही.

ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नव्हे, टेलिफोनवाल्यांची. जुन्या दूरध्वनी केंद्रात कॉल कसा जोडायचा हे रिले आणि वायरिंगमध्येच पक्कं केलेलं असायचं, त्यामुळे ‘सॉफ्टवेअर बदलणे’ असं काही नव्हतंच. मे १९६५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, सकासुना या गावी, बेल कंपनीचं ‘१ ईएसएस’ हे केंद्र सुरू झालं. कॉल जोडण्याची अक्कल त्यात मेमरीतल्या प्रोग्रॅमकडे दिलेली होती. मेमरी तरी कसली, तर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची कार्डं आणि प्रत्येक कार्डावर अडीच हजारांहून जास्त चिमुकले चुंबक. प्रोग्रॅम बदलायचा म्हणजे चुंबकांची मांडणी नव्याने लिहून कार्डं बदलायची. आज एक फाइल कॉपी करताना आमच्या हाताला घाम सुटतो. त्या लोकांचं काय होत असेल!

या केंद्रापुढे ठेवलेलं उद्दिष्ट असं होतं, की चाळीस वर्षांत मिळून जास्तीत जास्त दोन तास बंद. त्यासाठी प्रोसेसर दोन ठेवले. दोघेही तेच काम एकाच वेळी करणार आणि उत्तरं जुळतात का हे पाहत राहणार. एक बिघडला तर दुसरा आहेच, हा मूळ हेतू. मग लक्षात आलं, की बिघाडासाठी ठेवलेला हा जोडीदार अपग्रेडसाठीही वापरता येतो. एकाला बाजूला घ्या, नवा प्रोग्रॅम चढवा, काम त्याच्याकडे सोपवा, मग दुसऱ्याला घ्या. आजच्या प्रत्येक इशूचा सांगाडा अजून हाच आहे.

आपल्याकडे ही जोडप्रोसेसरची पद्धत गावोगाव पोहोचली ती सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेमुळे. १९८४ मध्ये ही संस्था सुरू झाली आणि तिचं १२८ लाइनींचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला लागलं. कित्तूर म्हणजे राणी चन्नम्माचं कित्तूर. कोल्हापुरातून बेंगळुरू महामार्ग धरला की बेळगावच्या पुढे येतं. एसी नसलेल्या खोलीत, धुळीत आणि उन्हात ते चाललं पाहिजे अशी अटच होती.

स्वीडनच्या एरिक्सनने वेगळा रस्ता धरला. त्यांच्या प्रयोगशाळेत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी ‘अर्लांग’ ही भाषा करायला घेतली. तिच्यात एकाच प्रोग्रॅमच्या भागाच्या दोन आवृत्त्या, जुनी आणि नवी, एकाच वेळी मेमरीत राहू शकतात. चालू असलेला कॉल जुन्या आवृत्तीवर पुरा होतो, नवा येणारा नव्या आवृत्तीवर जातो. ही मला आजवर दिसलेली सगळ्यात नीटस कल्पना. पुढे आलेल्या नेटवर्क स्विचवाल्यांनी ती सुरुवातीलाच उचलायला हवी होती.

उचलली नाही, आणि टेलिफोनवाल्यांनाही सगळंच साधलं असं नाही. १५ जानेवारी १९९० चा प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा वाचावा. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात ११४ मोठी स्विच, म्हणजे कॉल जोडणारी केंद्रं, होती. आदल्या महिन्यात त्यांच्यावर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं, आणि त्यात केलेला बदल होता तो स्विच लवकर सावरावा म्हणून. त्या दुपारी न्यूयॉर्कमधलं एक स्विच किरकोळ कारणाने काही सेकंद थांबलं आणि परत उभं राहिलं. उभं राहताच त्याने शेजाऱ्यांकडे कॉल पाठवायला सुरुवात केली. शेजारी ‘हा परत आला’ अशी नोंद करत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, दुसरा निरोप आला की नव्या सॉफ्टवेअरमधली चूक जागी व्हायची आणि शेजारी स्वतःच कोसळायचा. तो सावरून परत आला की त्याचे शेजारी. हा खो-खो नऊ तास चालला. चूक केवढी, तर सी भाषेतलं एक ‘ब्रेक’ विधान भलत्या जागी पडलं होतं. सगळ्या यंत्रांवर तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे जोडीदार असूनही उपयोग झाला नाही. जोडीदारही तीच चूक पोटात घेऊन बसला होता.

त्याच वर्षी, १९९० मध्ये, कल्पना नावाच्या कंपनीने पहिलं इथरनेट स्विच, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणारं यंत्र, बाजारात आणलं, सात पोर्टचं. सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांनी पत्नीच्या नावावरून कंपनीला नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. या पिढीच्या यंत्रांना टेलिफोनवाल्यांची शिस्त ठाऊकच नव्हती. ऑफिसचं नेट पाच मिनिटं गेलं तर लोक चहाला जायचे. रात्री रीलोड मारायचं, म्हणजे यंत्र बंद करून नव्याने चालू करायचं, आणि यंत्र परत येईपर्यंत थांबायचं, हीच अपग्रेडची पद्धत.

अडचण रचनेतही होती. त्या काळच्या बऱ्याचशा राउटरमध्ये, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात माहिती नेणाऱ्या यंत्रांत, वाट ठरवणं आणि पाकीट (माहितीचा तुकडा) पुढे ढकलणं ही दोन्ही कामं एकाच प्रोसेसरच्या डोक्यावर असत. डोकं बंद तर हातही बंद. जुनिपरचा एम-४० हा राउटर १९९८ मध्ये आला तेव्हा त्यात ही फाळणी स्वच्छ केलेली होती. वाटा ठरवणारं इंजिन वेगळं, पाकिटं ढकलणारी चिप वेगळी. चिपकडे तक्ता दिलेला असतो, अमुक पत्ता आला की तमुक पोर्टवर सोड. वरचं इंजिन रीबूट होत असलं तरी चिप तक्ता बघून काम करत राहू शकते. इशू शक्य झाला तो या फाळणीमुळे.

मग उरला शेजाऱ्यांचा प्रश्न, आणि तो मूळ प्रश्नापेक्षा अवघड निघाला. स्विच आणि राउटर एकमेकांना ठरावीक वेळाने ‘आहेस का?’ विचारत असतात. उत्तर आलं नाही की समोरचा गेला असं धरून शेजारी त्याच्याकडून जाणाऱ्या वाटा पुसून टाकतो. चिप मागे इमानेइतबारे काम करतेय, हे त्याला कुठून कळणार? हे विचारणं ज्या नियमांनी चालतं ते प्रोटोकॉल, आणि प्रत्येक प्रोटोकॉलचा धीर वेगळा. वाटा शोधणारा ओएसपीएफ साधारण ४० सेकंद थांबतो. केबलींची मोळी बांधणारा एलएसीपी ९० सेकंद, पण त्याला ‘फास्ट’वर ठेवलं तर तीनच सेकंद. समोरचा जिवंत आहे का एवढंच पाहणारा बीएफडी तर सेकंदाच्या अंशात निकाल लावतो. दुकानदार शेजारच्याला म्हणतो ना, ‘जरा लक्ष ठेव, आलोच’, तशी सोय प्रोटोकॉलमध्ये घालावी लागली. तिचं नाव ‘ग्रेसफुल रीस्टार्ट’. ओएसपीएफसाठी ती २००३ मध्ये प्रमाण झाली आणि इंटरनेटचा कणा असलेल्या बीजीपीसाठी जानेवारी २००७ मध्ये.

एवढी तयारी झाल्यावर मोठ्या चासिसवाल्या, म्हणजे एका सांगाड्यात अनेक कार्डं बसवलेल्या, स्विचांत इशू रुळला. सिस्कोच्या काही यंत्रांवर त्याच्या चार पायऱ्या असतात. लोडव्हर्जन म्हणजे जोडीदार सुपरवायझरवर (स्विच चालवणाऱ्या मुख्य कार्डावर) नवी इमेज, म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल, चढवणं, रनव्हर्जन म्हणजे गादी त्याच्याकडे देणं, अ‍ॅक्सेप्टव्हर्जन म्हणजे ‘पसंत आहे’ असं सांगणं आणि कमिटव्हर्जन म्हणजे जुन्यालाही नव्यावर आणणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एक घड्याळ चालू असतं, मुळात ४५ मिनिटांचं. तेवढ्यात तुम्ही पसंती दिली नाही, तर यंत्र आपणहून जुन्या सॉफ्टवेअरवर परत जातं. ही सोय ज्याने केली त्याचा स्वतःचा संपर्क एकदा तरी मध्येच तुटलेला असणार.

आमचाही अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी भर हंगामात एका कारखान्यात आम्ही हे करायला बसलो. रात्रीचे पावणेदोन. स्विचमध्ये दोन सुपरवायझर, शेजारी लॅपटॉपवर पिंगची, म्हणजे नेट चालू आहे का तपासणाऱ्या हाकांच्या उत्तरांची, ओळ वाहतेय, सगळं पुस्तकाप्रमाणे. जोडीदार नवी इमेज घेऊन उठला, पण जुन्याचं आणि त्याचं जमेना. एका आवृत्तीतून दुसरीत थेट उडी मारता येते का, याचा तक्ता निर्मात्याने दिलेला असतो. आम्ही तो वाचला होता, पण शेजारच्या ओळीतला. दोन आवृत्त्यांचं जुळलं नाही की ताजी माहिती एकमेकांना देणं बंद होतं, आणि मग गादी बदलताना सगळी लाइन कार्डं, म्हणजे ज्यांना केबली लागतात ती कार्डं, रीसेट होतात. तेच झालं. सगळी कार्डं खाली. बाहेर काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. केबिनच्या खिडकीत एक ड्रायव्हर येऊन उभा.

“ओ सायेब, किती वेळ लागंल?”

“पाच मिनिटं, दादा.”

“मगाशी बी पाचच म्हनला हुता न्हवं.”

खरं तर अकरा मिनिटं लागली. काट्यावरच्या क्लार्कनी तोवर हाताने पावत्या फाडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या सिस्टीममध्ये भरताना आमचा उद्धार केला. रास्तच होतं.

असे अनुभव जगभर जमा होत गेले आणि विचाराची दिशाच बदलली. चालू यंत्रात जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांशी बोलती ठेवायची, तर निर्मात्याला अमुकपासून तमुकपर्यंतची प्रत्येक जोडी तपासावी लागते. चिपमधलं मायक्रोकोड बदलायचं असेल तर बहुधा तिलाही हिसका बसतोच. एकच सुपरवायझर असलेल्या स्विचवर इशू करायचा तर अटींची यादी एवढी लांब की त्यापेक्षा रीलोड बरं वाटावं. मग लोक म्हणू लागले, एका यंत्राला अमर करण्याचा हट्ट सोडा. दोन साधी यंत्रं घ्या, प्रत्येक सर्व्हरची एक केबल याला आणि एक त्याला लावा, आणि एकाला बिनधास्त बंद करा. माझं मतही याच बाजूचं आहे. चासिसवर ओतलेले पैसे दुसऱ्या स्विचवर घातले असते तर ती रात्र आली नसती.

मोठ्या डेटा सेंटरांनी हे टोकाला नेलं. तिथे एका पायरीची स्विच वरच्या पायरीच्या प्रत्येक स्विचला जोडलेली असतात, त्यामुळे वरचं एखादं काढून घेतलं तर क्षमता थोडी घटते, वाट बंद होत नाही. ही मांडणी चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये छापली होती. कशासाठी, तर टेलिफोन केंद्रासाठी. फिरून पुन्हा त्याच दारात. मात्र सगळ्यात खालच्या स्विचला, ज्याला सर्व्हर लागतात, बहुतेकदा जोडीदार नसतो, आणि तिथे जुनी युक्ती अजून लागते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुल्या केलेल्या ‘सोनिक’ या लिनक्सवर आधारित स्विच-प्रणालीत ‘वॉर्म रीबूट’ आहे. वरचं सगळं सॉफ्टवेअर बंद होऊन नव्याने उठतं, आणि चिप तेवढा वेळ तक्त्यावर चालते. वाहतुकीला एक सेकंदापेक्षा जास्त धक्का नको आणि वरचं डोकं ९० सेकंदांत जागं व्हावं, हे त्याचं उद्दिष्ट. ९० कुठून आले ते वर आलंच आहे, तो एलएसीपीचा धीर.

दोन यंत्रं असली तरी एकाला धाडकन बंद करणं असभ्यपणाचं. पुराच्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे बघत बसणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. धोक्याची पातळी ४३ फूट, पण इशारा ३९ ला मिळतो, म्हणजे आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना जनावरं सोडवून बाहेर पडायला अवधी राहतो. बीजीपीतही तसा इशारा मार्च २०१८ मध्ये प्रमाण झाला. आपण बंद होण्याआधी शेजाऱ्यांना एक खूण पाठवायची, की ही वाट अजून चालू आहे, पण दुसरी असेल तर ती धरा. ते दुसरीकडे वळले, आपल्या पोर्टवरचा आकडा शून्याजवळ आला की मग रीलोड. कोणाचं पाकीट वाटेत अडकत नाही. नव्या स्विचांतला ‘मेंटेनन्स मोड’ अशा बऱ्याच गोष्टी एका कमांडमध्ये करतो.

त्या कारखान्यात आता दोन कोअर स्विच आहेत. मागच्या खेपेला एकाचं अपग्रेड केलं तेव्हा पिंगच्या ओळीत एकच उत्तर गळलं, आणि तेही बहुधा माझ्याच लॅपटॉपमुळे. काट्याच्या केबिनमधलं छोटं आठ पोर्टचं स्विच मात्र एकटंच आहे. त्याला जोडीदार नाही, दुसरी केबल टाकायची तर काट्याचा रस्ता खोदावा लागतो, आणि हंगामात तो कोणी खोदू देत नाही. त्याचं सॉफ्टवेअर आम्ही पट्टा पडल्यावरच बदलतो, मिलचे रोलर उघडतात त्याच आठवड्यात.